माळ्यावरच्या मोठ्या कॅमेऱ्यातून थ्रीडी फोटो कसा काढायचा

स्टिरिओ फोटो, म्हणजे बघताना खोली दिसते तो थ्रीडी फोटो, काढायला दोन लेन्सचा खास कॅमेराच पाहिजे असं बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलंय. तसं काही नाहीये. जुन्या फोटो स्टुडिओतून निघालेला लाकडी, पितळी कोपऱ्यांचा, बेलोजवाला, म्हणजे लेन्स आणि फिल्मच्या मध्ये घड्यांचा भाता असलेला, हाफ प्लेट किंवा फुल प्लेट (ही निगेटिव्हची मापं) कॅमेरा कोणाकडे असेल, आणि आपल्याकडे असे कॅमेरे अजून कितीतरी घरांत माळ्यावर नाहीतर दिवाणखान्यात शोभेला ठेवलेले आहेत, तर त्याच कॅमेऱ्यातून आणि त्याच्या एकाच लेन्समधून झकास स्टिरिओ निघतो. माझं तर ठाम मत आहे की हे काम त्याला आजच्या बऱ्याच डिजिटल कॅमेऱ्यांपेक्षा चांगलं जमतं. का ते सांगतो. मध्ये थोडं गणित येईल, पण गुणाकार भागाकाराच्या पुढे जात नाही.

आधी खोली दिसते कशी ते. आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६३ ते ६५ मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे दोघांना दिसणारं चित्र किंचित वेगळं असतं. समोर झाड असेल आणि मागे डोंगर, तर डाव्या डोळ्याला झाड डोंगरासमोर एका जागी दिसतं आणि उजव्याला जरा डावीकडे सरकलेलं दिसतं, आणि हे सरकणं जितकं जास्त तितकी वस्तू जवळ हे मेंदू आपोआप ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर हे मांडलं आणि दोन आरसे लावलेला स्टिरिओस्कोप दाखवला. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ ला, म्हणजे त्याच्याकडे फोटोच नव्हते, त्याने रेघांनी काढलेल्या आकृत्यांच्या जोड्या वापरल्या! पुढे डेव्हिड ब्रूस्टरने भिंगांचा छोटा स्टिरिओस्कोप केला, १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात तो व्हिक्टोरिया राणीला आवडला आणि मग युरोपात घरोघरी ही चित्रं गेली. १८६१ मध्ये अमेरिकेतल्या ऑलिव्हर वेंडेल होम्सने हातात धरायचा साधा, स्वस्त स्टिरिओस्कोप बनवला आणि मुद्दाम पेटंट घेतलं नाही, कोणीही बनवावा म्हणून. जुन्या बाजारात जो लाकडी दांडीचा आणि पुढे कार्ड अडकवायची सरकती पट्टी असलेला व्ह्यूअर दिसतो तो हाच.

आपल्याकडेही हे फार उशिरा आलेलं नाही. लंडनची स्टिरिओस्कोपिक कंपनी सुरू झाली १८५४ ला आणि त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. नंतर अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकन कंपनीसाठी जेम्स रिकॅल्टन नावाचा शाळामास्तर स्टिरिओ कॅमेरा घेऊन मुंबईसकट सगळा हिंदुस्थान फिरला, आणि त्याची १०० कार्डांची पेटी नकाशे आणि माहितीच्या पुस्तकासह १९०७ च्या सुमारास विकली जायची. त्यातली सुटी कार्डं आजही लिलावात येतात.

आता मोठाच कॅमेरा का. होम्सच्या व्ह्यूअरचं कार्ड साडेतीन बाय सात इंच. त्यावर शेजारी शेजारी दोन फोटो, प्रत्येक साधारण तीन इंच रुंद. आणि हाफ प्लेट निगेटिव्ह आहे पावणेपाच बाय साडेसहा इंच, मिलिमीटरमध्ये १२१ बाय १६५. मधोमध दोन भाग केले की प्रत्येक अर्धा ८२ मिलिमीटर रुंद, म्हणजे निगेटिव्ह कागदावर ठेवून थेट कॉन्टॅक्ट प्रिंट काढला की तो कार्डाच्या मापाचाच येतो, फक्त कडा छाटायच्या. एन्लार्जर, म्हणजे प्रिंट मोठा करायचं यंत्र, नको, काही नको. आणि कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये जो बारकावा असतो तो व्ह्यूअरच्या भिंगातून मोठा होऊनही तुटत नाही, दगडी भिंतीवरचं शेवाळ, दाराच्या बिजागरीचे खिळे, सगळं दिसतं. याच कारणासाठी अमेरिकेत पाच बाय सात इंचाचे बरेच फील्ड कॅमेरे स्टिरिओसाठीही वापरता येतील असे बनवायचे, लेन्सची पाटी बदलायची आणि बेलोजच्या आत मधोमध एक पडदी अडकवायची की झाला दोन लेन्सचा कॅमेरा.

ही दोन लेन्सवाली पद्धत पहिली. फायदा उघड आहे, दोन्ही फोटो एकाच क्षणी निघतात, त्यामुळे माणसं, बैलगाडी, समुद्राच्या लाटा काहीही चालतं. पण जुन्या कॅमेऱ्यात ती बसवायची तर तीन अडचणी येतात. पहिली म्हणजे लेन्सची जोडी. दोन्हींची फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्स चित्र किती मोठं पाडते ते ठरवणारं माप, जवळजवळ सारखी पाहिजे, १ टक्का फरक असला तरी १०० मिलिमीटर उंचीच्या चित्रात वरून खालपर्यंत १ मिलिमीटरचा फरक पडतो आणि उभ्या दिशेतला फरक डोळ्यांना अजिबात सहन होत नाही, डोकं धरतं. जुन्या लेन्स विकणारे जोड्या फोडून एक एक विकतात त्यामुळे ‘सेमच आहे’ म्हणून कोणी दिली तरी ग्राउंड ग्लासवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या ज्या दुधी काचेवर चित्र दिसतं तिच्यावर, तपासायची, लांबची एकच इमारत दोन्हींतून फोकस करून तिची उंची पट्टीने मोजायची, सारखी आली तरच घ्यायची. दुसरी अडचण शटर. एकाच वेळी दोन लेन्स उघडणारं शटर लागतं, इंग्लंडच्या थॉर्नटन पिकार्ड कंपनीची कापडी रोलर ब्लाइंड शटरं यासाठी मिळायची, आज चालू अवस्थेतलं शोधावं लागतं. तिसरी अडचण लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे बेलोज. घडी घालून नेता येणाऱ्या फील्ड कॅमेऱ्याचे बेलोज पुढे निमुळते होत जातात, तिथे दोन लेन्स शेजारी बसल्या तरी बेलोजच्या घड्या चित्राच्या बाहेरच्या कडा खातात. बेलोज चौकोनी असतील तरच या पद्धतीच्या मागे लागा.

म्हणून माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे, एक लेन्स आणि दोन एक्स्पोजर. आधी डाव्या डोळ्याचा फोटो, मग कॅमेरा ६५ मिलिमीटर उजवीकडे सरकवून उजव्या डोळ्याचा. ही काही आत्ताची युक्ती नाही, १८५३ मध्येच लॅटिमर क्लार्क या इंग्रज इंजिनिअरने कॅमेरा झटकन बाजूला नेणारी समांतर दांड्यांची रचना प्रसिद्ध केली होती. आपल्याला तेवढंही लागत नाही. ट्रायपॉडवर एक सपाट फळी, तिच्या मागच्या कडेला सरळ पट्टी स्क्रूने बसवलेली, कॅमेऱ्याचा तळ त्या पट्टीला टेकवून सरकवायचा आणि फळीवर आधीच मिलिमीटरच्या खुणा करून ठेवायच्या. फळी लेव्हल पाहिजे, स्पिरिट लेव्हल ठेवून बघा, अंदाजावर जाऊ नका. आणि कॅमेरा सरकवताना समोरच्या वस्तूकडे तिरका वळवायचा नाही. वळवावासा वाटतो, कारण ग्राउंड ग्लासवर वस्तू मध्यातून हललेली दिसते, पण वळवला की दोन्ही चित्रांत चौकोनी खिडकी उलटसुलट बाजूंनी निमुळती होते, कोपरे जुळत नाहीत, आणि परत तोच उभा फरक. दोन्ही वेळा कॅमेऱ्याची पाठ एकाच सरळ रेषेत.

मोठ्या कॅमेऱ्याची खरी ताकद तर याच्याही पुढे आहे. लेन्स आणि फिल्म दोन्ही वेगवेगळ्या हलतात ना, मग कॅमेरा जागेवरच ठेवून नुसती लेन्स सरकवता येते आणि दोन्ही चित्रं एकाच फिल्मवर घेता येतात. त्यासाठी लेन्सच्या पाटीत भोक मधोमध न पाडता एका बाजूला पाडायचं, ३९ मिलिमीटर सरकवून. पाटी बसवली की लेन्स डावीकडे, पाटी काढून उलटी फिरवून बसवली की लेन्स उजवीकडे, दोन जागांतलं अंतर ७८ मिलिमीटर. मागे फिल्मच्या अगदी पुढे अर्धा भाग झाकणारी काळ्या पुठ्ठ्याची पट्टी लावायची. लेन्स ज्या बाजूला, फिल्मचा त्या बाजूचा अर्धा भाग उघडा. पहिलं एक्स्पोजर झालं की लेन्सवर टोपी, डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवरचं सरकतं झाकण, आत, फिल्मचा होल्डर बाहेर, पट्टी दुसऱ्या बाजूला, पाटी फिरवायची, होल्डर परत लावायचा आणि दुसरं घ्यायचं. पाटी चांगली पाच इंची तरी लागते आणि लेन्स लहान बुडाची, म्हणजे फुल प्लेट कॅमेऱ्याला हाफ प्लेटची मागची फ्रेम लावून हे करणं सगळ्यात सोयीचं, निमुळत्या बेलोजचा त्रासही कमी. भोक पाडताना एकच गोष्ट जीव लावून करायची: ते पाटीच्या उंचीच्या बरोब्बर मध्यावर पाहिजे. अर्धा मिलिमीटर वर गेलं तर पाटी उलटी केल्यावर अर्धा मिलिमीटर खाली जाणार, म्हणजे दोन चित्रांत १ मिलिमीटरचा फरक.

७८ च का, ६५ का नाही? फिल्मच्या दोन अर्ध्यांच्या मध्यांतलं अंतर ८२ आहे, लेन्सच्या जागांतलं ७८, हा जो ४ मिलिमीटरचा फरक राहतो त्याने चित्राची चौकट कुठे तरंगताना दिसेल ते ठरतं. १५० मिलिमीटरच्या लेन्सला ती चौकट जवळपास ३ मीटरवर येते आणि सगळं दृश्य तिच्या मागे बसतं, घराच्या खिडकीतून बाहेर बघतो तसं. याला स्टिरिओवाले खिडकीच म्हणतात. ६५ ठेवलं तर खिडकी नाकाजवळ येते आणि मग प्रिंटच्या बाजू बऱ्याच छाटाव्या लागतात.

एकाच फिल्मवर दोन चित्रं घेतली, मग ती दोन लेन्सने असोत की एका, की एक गोष्ट विसरायची नाही, अदलाबदल. कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र उलटं पडतं. डाव्या लेन्सचं चित्र ग्राउंड ग्लासच्या डाव्या अर्ध्यात, पण डोकं खाली पाय वर. आता सरळ बघायला सगळी निगेटिव्ह फिरवली की डाव्या डोळ्याचं चित्र उजवीकडे गेलं! तसंच कार्डावर चिकटवलं तर व्ह्यूअरमध्ये खोली उलटी होते, डोंगर पुढे येतो आणि झाड डोंगराला पाडलेल्या भोकात असल्यासारखं दिसतं. म्हणून प्रिंट मधोमध कापायचा आणि दोन्ही तुकडे बाजू बदलून चिकटवायचे. कापायच्या आधी मागे पेन्सिलने डा आणि उ लिहायचं. कोणतं कोणतं ते विसरलात तर दोन्हींत जवळची वस्तू मागच्याच्या तुलनेत कुठे आहे बघा, ज्यात ती डावीकडे सरकलीय तो उजव्या डोळ्याचा.

आता कॅमेरा किती सरकवायचा, म्हणजे बेस किती ठेवायचा. ढोबळ नियम असा सांगतात की सगळ्यात जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग, वस्तू २ मीटरवर तर ६५ मिलिमीटर. पण हा नियम नॉर्मल, म्हणजे ना फार रुंद ना फार लांबचं टिपणाऱ्या, लेन्सचा आहे आणि इथेच मोठ्या कॅमेऱ्यावर फसगत होते. हाफ प्लेटला जी लेन्स नॉर्मल ती अर्ध्या रुंदीच्या चित्राला लांबची लेन्स होते. त्यापेक्षा सरळ हिशोब करा: फोकल लेंग्थ गुणिले बेस भागिले अंतर, म्हणजे फिल्मवर वस्तू लांबच्या डोंगराच्या तुलनेत किती सरकली ते. १५० ची लेन्स, बेस ६५, वस्तू २ मीटरवर, तर उत्तर ४.९ मिलिमीटर. चित्राच्या रुंदीच्या तिसाव्या भागापेक्षा जास्त सरकलं तर डोळ्यांना ताण पडतो, ८२ चा तिसावा भाग २.७. म्हणजे ४.९ फारच झालं. उलटा हिशोब केला की सगळ्यात जवळची वस्तू ३.६ मीटरवर तरी पाहिजे असं येतं, आणि २०० ची लेन्स असेल तर ४.८ मीटर.

माणूस बसवून पोर्ट्रेट काढायचं असेल तर मागचा पडदा महत्त्वाचा. माणूस १ मीटरवर आणि मागे लांबपर्यंत मोकळं असेल तर बेस १५ ते १८ मिलिमीटरच्या वर नेता येत नाही, पण माणसाच्या मागे, कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर पडदा लावला तर तोच बेस ४५ पर्यंत नेता येतो, कारण सरकणं मोजायचं ते सगळ्यात जवळ आणि सगळ्यात लांब यांच्यातलं. फक्त माणूस दोन एक्स्पोजरच्या मध्ये हलता कामा नये, मानेला मागून टेकू द्या.

डोंगरांचं उलट. सह्याद्रीत समोरचा कडा ३०० मीटरवर आणि पुढे काहीच नसेल तर ६५ मिलिमीटरने चित्र सपाट येतं, तिथे तिसाव्या भागाच्या नियमाने १० मीटर चालत जायचं आणि दुसरा फोटो काढायचा. डोंगर मातीच्या मॉडेलसारखा दिसतो, काहींना ते आवडत नाही, मला फार आवडतं, कारण कड्यांच्या थरांची जी रचना आहे ती तेव्हाच कळते. विमानातून नकाशासाठी फोटो घेतात ते याच तत्त्वावर, लागोपाठचे फोटो साधारण ६० टक्के एकमेकांवर येतील असे. आणि वॉरन डे ला रू याने १८५० च्या दशकात चंद्राचा स्टिरिओ केला! चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो पण किंचित डोलत दाखवतो, तर त्याने वेगवेगळ्या रात्रींचे अशा डोलण्यातले दोन फोटो निवडून जोडी केली. त्यात चंद्र चेंडूसारखा गोल दिसतो.

फोकसचं काय? साध्या फोटोत मागचं धूसर छान वाटतं, स्टिरिओत डोळा सगळीकडे फिरतो आणि धूसर भागावर अडखळतो, त्यामुळे पुढून मागपर्यंत सगळं शार्प हवं. म्हणून अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक, बारीक (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान). १५० ची लेन्स एफ ३२ वर ठेवून ७ मीटरवर फोकस केली की साडेतीन मीटरपासून अनंतापर्यंत कॉन्टॅक्ट प्रिंटला पुरेसं शार्प येतं. वरचा ३.६ मीटरचा आकडा आठवा, दोन्ही मर्यादा जवळपास एकाच जागी येतात, त्यामुळे एकदा फळीवर आणि लेन्सवर खुणा केल्या की बाहेर गेल्यावर हिशोब करत बसावं लागत नाही. साडेतीन चार मीटरच्या आत काही येऊ द्यायचं नाही एवढंच, पायाजवळचं गवतसुद्धा नाही.

फिल्म महाग आहे हे खरंय, पण शिकायला फोटो पेपरच निगेटिव्ह म्हणून वापरा. लाल दिव्यात कापता येतो, धुता येतो, आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला असलेली संवेदनशीलता, ६ धरलं तर कडक उन्हात एफ ३२ ला पाऊण ते एक सेकंद एक्स्पोजर येतं, म्हणजे शटरसुद्धा नको, टोपी काढायची आणि घालायची. कॉन्ट्रास्ट जरा भडक येतो, म्हणून सावलीतल्या किंवा ढगाळ दिवसातल्या विषयांवर सुरुवात करा आणि वेळ वाढवा. एक्स-रे फिल्मही बरेच जण वापरतात, दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, असतं म्हणून ट्रेमध्ये ओरखडे पटकन पडतात, तळाला काच ठेवून एक एक शीट धुवायची. जुने होल्डर काचेच्या प्लेटचे असतात, त्यात पेपर किंवा फिल्म तशीच टाकली तर ती सैल राहते आणि फोकसच्या जागेवरही बसत नाही, तेव्हा पत्र्याची शीथ, म्हणजे फिल्म ताठ धरणारी पातळ चौकट, वापरा. आणि सुरू करायच्या आधी अंधाऱ्या खोलीत बेलोजच्या आत मोबाईलचा टॉर्च लावून कोपरे तपासा, जुन्या बेलोजच्या कोपऱ्यांना बारीक भोकं असतातच.

एका लेन्सच्या पद्धतीत दोन फोटोंच्या मध्ये वेळ जातो, ते सांभाळावं लागतं. सूर्य ४ मिनिटांत १ अंश सरकतो, सकाळ संध्याकाळच्या लांब सावल्या तेवढ्यात हलतात आणि व्ह्यूअरमध्ये सावली जमिनीवरून सुटून वर तरंगते. दुपारच्या आसपास काढा आणि दोन फोटो मिनिटभरात उरका. हललेली पानं, चालून गेलेला माणूस एका डोळ्याला दिसतो आणि दुसऱ्याला नाही, तिथे चित्र लुकलुकतं. ढगांचं मात्र आधी ठरवता येतं: ढग डावीकडून उजवीकडे जात असतील तर उजवा फोटो आधी घ्या, म्हणजे ढग डोंगराच्या थोडे पुढे येतील, जे बघायला चालतं. डावा आधी घेतला तर ढग अनंताच्याही पलीकडे जातात आणि डोळे बाहेरच्या बाजूला ताणावे लागतात, ते दुखतं.

कार्ड बनवताना दोन चित्रांतल्या लांबच्या वस्तूंमधलं अंतर ७५ ते ८० मिलिमीटरच्या आसपास ठेवा, होम्सच्या व्ह्यूअरची भिंगं प्रिझमसारखी घासलेली असतात म्हणून डोळ्यांपेक्षा जास्त अंतर त्यांना चालतं. खिडकी बरोबर बसली का ते कडा बघून कळतं: उजव्या चित्रात डाव्या कडेला जरा जास्त दिसायला पाहिजे आणि डाव्या चित्रात उजव्या कडेला. या व्ह्यूअरच्या भिंगांची फोकल लेंग्थ साधारण ८ इंच, म्हणजे २०० मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे २०० च्या लेन्सने काढलेला कॉन्टॅक्ट प्रिंट त्यात बघितला की खोली अगदी खऱ्या मापात दिसते, आणि १५० ने काढलेला जरा ताणलेला, लांब दिसतो. स्टुडिओच्या हाफ प्लेट कॅमेऱ्यावर बहुतेक वेळा अशी आठ इंचीच लेन्स बसवलेली सापडते, तेव्हा ती काढून दुसरी शोधायच्या आधी तिच्यावरच एक जोडी काढून बघा, जवळची वस्तू पाच मीटरच्या पुढे ठेवून. जुना व्ह्यूअर नसेल तर प्रिंट स्कॅन करून मोबाईलवर लांबच्या वस्तूंमधलं अंतर ६० मिलिमीटरच्या आसपास येईल इतकं लहान करा आणि पुठ्ठ्याच्या व्हीआर बॉक्समध्ये टाका, तिथेही चांगलं दिसतं. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे, जे खगोलशास्त्रज्ञही आहेत, त्यांनी लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी या शतकात परत सुरू केलीय आणि जुन्या मापाच्या कार्डांसाठी प्लास्टिकचा घडीचा व्ह्यूअर काढलाय, आऊल नावाचा, आपण बनवलेलं साडेतीन बाय सातचं कार्ड त्यात बरोबर बसतं.